सडा, टुंड्रा आणि गव्याचा चारा: सातारा ते चांदोली

माझी आतेबहीण अलास्कात असते. तिचं काम म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून टुंड्रातल्या वनस्पतींचे नकाशे करणं. कुठे गवत, कुठे शेवाळ, कुठे खुरटी झुडपं, आणि त्यातलं कॅरिबूंच्या म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या पोटात काय जातं. दर दोन-तीन वर्षांनी ती गणपतीला साताऱ्याला येते, आणि आम्ही दरवेळी तिला कंदी पेढे आणि भाडेकरूंच्या तक्रारी असा पाहुणचार करून परत पाठवतो. यंदा ती म्हणाली, "मला सडा बघायचाय. फिरायला नाही. बघायला." सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार. तेवढ्यात कराडचा एक विद्यार्थी तिच्या संपर्कात आला. कोयना-चांदोलीच्या व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या, म्हणजे बफर भागातल्या गवताळ जागांचा नकाशा हा त्याच्या पीएचडीचा विषय, आणि वनविभागाचं परवानगीपत्र त्याच्या सॅकमध्ये. गाडी माझी. असे आम्ही तिघे सप्टेंबरच्या शेवटी निघालो.

परतल्यावर बऱ्याच जणांनी "कुठे कुठे गेलात, कसं जायचं" असं विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

गुरुवार: यवतेश्वर, कास

साताऱ्यातून यवतेश्वराचा घाट चढला की पंचवीसेक किलोमीटरवर कास. सकाळी सातला निघालो. घाटात भुरभुर, वर गेल्यावर वारा, आणि पठारावर पोचेपर्यंत ऊन. हे तिन्ही पुढच्या तासाभरात उलट क्रमाने परत आले.

कासबद्दल नव्याने सांगण्यासारखं कमी आहे. समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपासची उंची, साडेआठशेहून जास्त सपुष्प वनस्पतींची नोंद, 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत नाव. पश्चिम घाटाच्या त्या नोंदीतली महाराष्ट्रातली चार ठिकाणं म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. लोक पहिल्यावर तुटून पडतात आणि उरलेल्या तिघांची नावंही त्यांना आठवत नाहीत.

ताईने मात्र फुलांकडे आधी बघितलंच नाही. खाली बसून तिने बोटाने माती उकरली. दोन पेरांवर बोट खडकाला टेकलं. "इथेच थांबतं ना पाणी?" खाली जांभ्याचं कवच, वर चिमूटभर माती. पावसाळ्यात पाणी मुरायला जागा नाही, म्हणून डबकी. उन्हाळ्यात तोच खडक तापून तव्यासारखा. या दोन टोकांमध्ये जे दोन-तीन महिने मिळतात, तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि जायचं. तिच्या नॉर्थ स्लोपवर, म्हणजे अलास्काच्या उत्तर टोकाच्या टुंड्रात, जांभा नसतो, तिथे जमीनच कायमची गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा हातभर थर वितळतो, पाणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून तिथेही डबकी, तिथेही घोट्याएवढी झाडं, तिथेही सगळा संसार आठ-दहा आठवड्यांत उरकायचा. एकीकडे गोठणं, दुसरीकडे भाजणं, पण जमिनीने केलेली कोंडी तीच.

मग ती पालथी पडून भिंगातून दवबिंदू नावाची वनस्पती बघायला लागली. इवलंसं तांबूस रोप, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट पाय झाडतंय. आम्ही बघत असताना शेजारचे दोन केस त्याच्याकडे वळले होते. मातीत नत्र नाही, म्हणून कीटकांकडून घ्यायचं. "याची भावंडं आमच्याकडेही आहेत, दलदलीत," ती म्हणाली. शेजारीच सीतेची आसवं, तीही तसलीच, फक्त त्यांचा सापळा मुळांच्या बाजूला, पाण्यात, डोळ्यांना न दिसणारा. जांभळ्या फुलांचे फोटो काढणाऱ्या पन्नास माणसांपैकी किती जणांना माहीत असेल की हे गोंडस प्रकरण मांसाहारी आहे.

आमच्या संशोधकाचं हत्यार म्हणजे पीव्हीसी पाइपची चौकट, मीटर बाय मीटर. पठाराच्या राखीव भागात आत जायचं नाही, म्हणून गावाच्या बाजूला, परवानगी असलेल्या जागी त्याने ती टाकली, वरून फोटो घेतला आणि वहीत लिहिलं: खडक वीस टक्के, पाणी दहा, गेंद पंचवीस, गवत तीस, तेरडा दहा, सीतेची आसवं पाच. मग दोन पावलं सरकून पुन्हा टाकली, तर गेंद गायब आणि निम्मा खडक. सडा म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, प्रत्येक ठिगळ वेगळं.

आता अडचण बघा. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, आणि त्यांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर बाय दहा मीटर. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा. म्हणजे सेंटिनेलच्या एका ठिपक्यात अशा शंभर चौकटी मावतात, आणि उपग्रह त्या शंभरांची मिसळ करून एकच रंग देतो. टुंड्रातही हेच. तिथे जमिनीखालच्या बर्फाच्या भेगांमुळे काही मीटर ते तीसेक मीटर रुंदीच्या बहुकोनी आकृत्या पडतात. कडा कोरड्या, मध्ये पाणी, दोन्हीकडची झाडं निराळी. 2003 साली आर्क्टिक देशांनी मिळून सगळ्या टुंड्राचा पहिला एकत्रित वनस्पती-नकाशा काढला, तो एकास पंचाहत्तर लाख या प्रमाणात, आणि त्यामागचं उपग्रहचित्र किलोमीटरभराच्या ठिपक्याचं. त्या एका ठिपक्यात एखादं अख्खं छोटं गाव बसेल.

"मग उपयोग काय?" मी विचारलं.

"कॅरिबू वर्षाला शेकडो किलोमीटर चालतो. तो कुठल्या दिशेला जाणार हे कळायला तो नकाशा पुरतो. तिथे उतरल्यावर तो काय खाणार, हे कळायला पुरत नाही."

जेवण कास गावात एका काकूंकडे. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि भारंगीच्या फुलांची भाजी, जी मला दरवर्षी कडूच लागते आणि दरवर्षी मी दुसऱ्यांदा मागून घेतो. ताईने सांगितलं की कॅरिबू हिवाळ्यात बर्फ उकरून दगडफुलाच्या जातीचं लायकेन खातात, महिनोन्महिने त्यावरच निभावतात. काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे काळ्या मसाल्यातलं दगडफूल? नुसतं? मीठ-मिरचीबिगर?" त्यानंतर आम्ही निघेपर्यंत त्या ताईशी अलास्कातल्या प्राण्यांच्या हालांबद्दलच बोलत होत्या.

पण त्या दगडफुलातच खरी मेख आहे. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं आणि पानाची आतली रचना जवळचे अवरक्त किरण परत फेकते. या दोन आकड्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो, उणे एक ते अधिक एकमधला आकडा. गर्द झाडीचा जास्त, खडकाचा शून्याच्या जवळ, पाण्याचा बहुतेक उणे. लायकेन फिकट, पांढुरकं, म्हणून त्याचा आकडा कमी येतो. जो नुसता हिरवा आकडा बघेल त्याला कॅरिबूचं हिवाळ्यातलं कोठार ओसाड माळ वाटेल. वर लायकेन वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, एकदा जळलं की पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागतात. ते कुठे आहे हे आधी माहीत नसेल तर राखणार काय?

कासला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा, ऑनलाइन नोंदणी आधी करावी, आणि छत्रीऐवजी रेनकोट न्यावा, कारण पठारावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होऊन जे नाटक होतं ते इतरांच्या करमणुकीचं असतं. सकाळी नऊच्या आत पोचलात तर पठार तुमचं. अकरानंतर ते सेल्फीवाल्यांचं. बूट चांगल्या पकडीचे हवेत, ओला जांभा शेवाळाने गुळगुळीत असतो. आणि फुलात बसून फोटो काढू नये, हे लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं.

शुक्रवार: बामणोली

कासवरून पुढे उतार, झाडी दाट होते, आणि अचानक खाली शिवसागर. कोयना धरणाचं हे पाणी कोयनानगरपासून थेट तापोळ्यापर्यंत पसरलेलं आहे. पलीकडचा वासोटा किल्ला पावसाळ्यात बंद असतो, त्यामुळे आमची लाँच पलीकडे न जाता काठाकाठाने फिरली. नाववाले मामा साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर, बोलणं कमी. निम्म्या वाटेत त्यांनी इंजिन हळू केलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. "आमच्या म्हाताऱ्याचं घर हितं. ह्याच्या बुडाला." आणि पुन्हा वेग वाढवला.

संशोधकाने टॅबवर उपग्रहाचं चित्र उघडलं. यात अवरक्त किरणांना लाल रंग देतात, म्हणून जिवंत झाडी सगळी लालभडक दिसते. मामांनी एकदा टॅबकडे, एकदा डोंगराकडे बघितलं.

"समदं लाल कशानं? वणवा लागलाय व्हय?"

समजावून सांगितल्यावर त्यांनी टॅब हातात घेतला, पाण्याचा आकार ओळखला, आपला धक्का शोधला, आणि मग आमची शिकवणी सुरू झाली. नकाशावर संगणकाने काठाच्या एका पट्ट्याला "झुडपी रान" असं नाव दिलं होतं. मामा म्हणाले, "न्हाय. पाणी उतरलं की हितं कवळं गवात येतंय. उन्हाळ्यात गवं हितंच उतरत्यात सांजच्याला." त्याच्या वरचा गर्द लाल तुकडा संगणकाच्या मते उत्तम वन. "ती रानमोडी हाय. त्यात डुक्कर लपतंय, बाकी कोन खात न्हाय."

ताई आणि संशोधक दोघंही एकदम वहीत लिहायला लागले. मला त्या क्षणी या सगळ्या उद्योगातली गोम कळली. टुंड्रात फिकट दिसतं ते अन्न, आणि इथे सगळ्यात गर्द दिसतं ते कुणाच्याच तोंडाला न लागणारं. रानमोडी हे तण मूळचं अमेरिकेचं, घाणेरीही तिकडचीच. जनावरं दोन्ही टाळतात, खाल्लीच तर बाधतात. उपग्रहाच्या डोळ्याला मात्र त्या तजेलदार, निरोगी, छान दिसतात. हिरवळ वाढली म्हणून टाळ्या वाजवणारे अहवाल मी यापुढे जरा सावधपणे वाचणार आहे.

यावर उपाय आहे, तो म्हणजे एका चित्रावर न थांबणं. गवत नोव्हेंबरपासून पिवळं पडायला लागतं, रानमोडी तेव्हाही हिरवीच असते आणि पुढे हिवाळ्यात फुलते. पानगळीची झाडं मार्चला उघडी पडतात, सदाहरित रान एप्रिलमध्येही तसंच. त्यामुळे ऑक्टोबर, डिसेंबर आणि एप्रिल अशी तीन चित्रं एकावर एक ठेवली की ज्याचा रंग कधी बदलतो त्यावरून तो कोण हे ओळखता येतं. सेंटिनेल-2 चे दोन उपग्रह, पहिला 2015 चा आणि दुसरा 2017 चा, मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जायला लागले, म्हणून हे शक्य झालं. लँडसॅटच्या एका उपग्रहाची फेरी सोळा दिवसांनी. त्यात ढग आले की महिना गेला.

परतताना पलीकडच्या काठावर तीन गवे दिसले. लांब होते, पण पायातले ते पांढरे मोजे लपत नाहीत. संशोधकाने गव्यांचा फोटो काढायच्या आधी जागेचे अक्षांश-रेखांश टिपले. मुलगा पुढे जाईल.

रात्री बामणोलीतच मुक्काम. मरळीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. लाँचचा दर बसण्याआधी विचारून घ्यावा, लाइफ जॅकेट मागून घ्यावं, आणि फोनला रेंज गृहीत धरू नये. नकाशे साताऱ्यातच डाउनलोड करून ठेवा.

शनिवार: ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर

सकाळी परत साताऱ्याला, मग सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर. धबधबा भरभरून वाहत होता आणि समोरच्या रेलिंगला माणसं दोन ओळींत उभी होती. दहा मिनिटांत निघालो.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. आहेत, असं मी ऐकीव माहितीवर सांगतोय, कारण त्या दिवशी धुकं इतकं होतं की रस्त्याच्या कडेचा पांढरा दगडही जवळ गेल्यावर दिसे. डोक्यावर कुठेतरी प्रचंड पातं फिरल्याचा घुम-घुम आवाज, आणि दिसत काही नाही. एका टपरीत थांबलो. चहा, वडापाव, पुन्हा चहा. टपरीवाल्या दादांच्या मते धुकं "आत्ता फाटंल", आणि ते हे दर अर्ध्या तासाने तितक्याच खात्रीने सांगत होते.

वेळ होता म्हणून ढगांचा विषय निघाला. सड्यावरची झाडं जून ते सप्टेंबर जगतात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत वरून फक्त ढग दिसतात. संशोधकाने सांगितलं की जुलै-ऑगस्टमधली त्याची सगळी चित्रं पांढरी आहेत. चित्र स्वच्छ होतं तोवर गेंद वाळून गेलेला असतो. म्हणजे कासची जी फुलं बघायला महाराष्ट्र लोटतो, ती उपग्रहाने जवळजवळ कधीच नीट बघितलेली नाहीत. मला हे ऐकून का कोण जाणे बरं वाटलं.

टुंड्राचंही तेच दुखणं. उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा, त्यात समुद्रावरून येणारे ढग, आणि सूर्य कायम खाली, त्यामुळे लांब सावल्या. कॅरिबूची पिल्लं जूनच्या सुरुवातीला जन्मतात. माद्यांना दूध यायला त्याच सुमाराला कोवळा पाला हवा, म्हणून जूनमध्ये हिरवळ किती लवकर आणि कुठे चढते हे तिथल्या वन्यजीव अधिकाऱ्यांना कळावं लागतं. एक चित्र ढगात गेलं तर तो आठवडा हुकला. त्यामुळे ताईची मंडळी बऱ्याच वर्षांची चित्रं एकत्र करून, प्रत्येक ठिपक्याचा स्वच्छ दिवस निवडून, एक ढगविरहित चित्र शिवतात. दुसरी वाट रडारची. सेंटिनेल-1 हा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्याला ढगांची आणि अंधाराची फिकीर नाही. पण रडारला रंग कळत नाही. खडबडीत काय, गुळगुळीत काय, ओलं किती, एवढंच.

"म्हणजे आंधळ्याने हात फिरवून बघणं," टपरीवाले दादा म्हणाले. ते इतका वेळ ऐकत होते हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. ताईने त्यांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि आम्हाला एकेक भजी प्लेट फुकट मिळाली.

दुपारी एकच्या सुमाराला धुकं खरंच फाटलं. एकदम, पडदा ओढल्यासारखं नाही, तर भोकाभोकांनी: आधी एक पातं, मग एक खांब, मग दूरवर रांगच रांग. संशोधक चौकट घेऊन पळाला. इथे प्रत्येक चक्कीच्या बुंध्याशी मुरमाचा चौथरा आणि तिथपर्यंत गेलेला रस्ता आहे, आणि दहा मीटरच्या चित्रातही हे पांढरे ठिपके माळ ओवल्यासारखे दिसतात. सड्याचा तुकडा किती आणि कुठे तुटला हे मोजायला उपग्रहाइतकं सोयीचं काही नाही. हिरव्यात त्याला घोळ होत असेल, पण मुरूम तो बरोबर ओळखतो.

तिथून पठारावरूनच सडावाघापूरकडे गेलो. वाऱ्याने पाणी वर उडवणारा उलटा धबधबा त्या दिवशी वारा पडल्यामुळे सुलटाच होता. पाटणच्या बाजूला उतरेपर्यंत अंधार पडला. या रस्त्यावर धुक्यात रात्री गाडी घालू नका, आणि पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या.

रविवार: कोयनानगर

पावसाने दिवसभर हलू दिलं नाही. हेळवाकच्या पुढे एका ओढ्याकाठी जाऊन आलो, तेवढ्यात तिघांच्याही पायांना जळवा. तंबाखूची पुडी सोबत ठेवा.

ज्या घरी राहिलो तिथल्या आजींनी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाची गोष्ट सांगितली. त्या तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. घराची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून वाचल्या. "आत पडली असती तर तुमाला आज च्या कुनी दिला असता?" एवढं सांगून त्या गवताचा भारा सोडायला गेल्या. ताईने भाऱ्यातली एकेक काडी बाजूला काढून विचारलं, म्हशीला काय आवडतं? आजींनी पवन्या आणि मारवेल वेगळं केलं. कुसळी तिसऱ्या ढिगात. "ही कवळी हाय तवर बरी. बी धरलं की कुसळं टोचत्यात, जनावर तोंड लावत न्हाय."

नकाशात या तिन्हींचा वर्ग एकच आहे: गवताळ प्रदेश.

सोमवार: वारणावती, मणदूरच्या आसपास

कराड, उंडाळे, कोकरूड करत शिराळ्याच्या पश्चिमेला, सांगली जिल्ह्याच्या टोकाला. वारणेच्या काठाने ऊस संपतो, भात सुरू होतो, आणि मग डोंगर. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली जाहीर झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून. गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं आणि आमचं कामही बफरमधलंच होतं, त्यामुळे आत गेलो नाही.

इथे भेटलेले वनरक्षक हा या प्रवासातला सगळ्यात जाणता माणूस. चांदोलीतली बरीच गावं उठून बाहेर वसली. त्यांची भातखाचरं मागे राहिली, बांधासकट. खाचरात पाणी थांबतं, माती चांगली, म्हणून गवत माजलं, आणि गवे-सांबर तिथे चरायला लागले. वाघ टिकायचा तर त्याला भक्ष्य हवं, भक्ष्याला कुरण हवं. पण कुरण सोडून दिलं की आधी रानमोडी शिरते, मग झुडपं, मग झाडं, आणि काही वर्षांनी ते रान होतं. जंगल वाढलं म्हणावं तर वाढलं, पण गव्याचं ताट कमी झालं.

संशोधकाने 1990 च्या दशकातली लँडसॅट-5 ची चित्रं दाखवली. त्यात जुन्या गावांची खाचरं फिकट पट्ट्यांसारखी दिसतात. त्यावर आजचं सेंटिनेल ठेवलं की कुठली खाचरं अजून उघडी आहेत आणि कुठली मिटली हे लगेच कळतं. वनरक्षकांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं. एका मिटलेल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं साफ केलं तर उपेग हाय. खाली पाण्याचा झरा हाय बारमाही. ह्या दुसऱ्या जागी करू नका, पानीच न्हाय, गवा कशाला यील?" झरा कुठल्याच चित्रात नव्हता.

मग त्यांनी नकाशावर टीका केली, आणि ती मला बिनतोड वाटली. अकरा वर्ग, अकरा रंग, त्यातले चार हिरवे. "सर, ह्या चारांतला फरक मला घरात उजेडात कळंना, रानात कसा कळणार? आणि गावांची नावं कुठं हायत? आमी ह्या जागांना जुन्या गावाच्या नावानंच वळखतो." त्यांना हवा होता कागदावर छापलेला, प्लास्टिक चढवलेला नकाशा: जुनी गावं, ओढे, झरे, आणि तीनच रंग. चरण्याजोगं, न चरण्याजोगं, आणि बघून ठरवायचं.

ताई आणि संशोधक यांचा इथे खरा वाद झाला. त्याचं म्हणणं, अकराचे तीन केले तर प्रबंध काय लिहू? तिचं म्हणणं, प्रबंधाला अकरा ठेव, चौकीवर तीन लाव, आणि कुठला वर्ग संगणकाने चुकून कुठल्या वर्गात टाकला त्याचा तक्ता दोन्हीकडे जोड. अलास्कात ती हेच करते म्हणे, तिथेही विमानातून कॅरिबू मोजणाऱ्या माणसाला वीस रंग नको असतात. मी वनरक्षकांच्या बाजूने होतो, पण मला कुणी विचारलं नाही.

ज्यांना स्वतः असं काही करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फोनचं जीपीएस मोकळ्यावर तीन ते पाच मीटर चुकतं, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून नोंद घ्यायची जागा निदान तीस मीटर एकसारखी असावी आणि तिच्या मधोमध उभं राहावं, कडेला नाही. आणि सेंटिनेल, लँडसॅट दोन्हींची चित्रं मोफत उतरवता येतात, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअरही मोफत आहे. आपल्या गावचा माळ ऑक्टोबरात आणि एप्रिलात बघा, मजा येते. जंगलात मात्र परवानगीशिवाय शिरू नका, आणि चौकीवर ओळखपत्राची प्रत मागतात ती जवळ ठेवा.

परतीच्या वाटेवर पेठ नाक्याजवळ अख्खा मसूर आणि रोटी. संशोधक गप्पच होता, तिसऱ्या रोटीला म्हणाला, "मॅडम, तीन रंगांत कुसळी कुठं टाकू? ऑगस्टात चालते, नोव्हेंबरात नाही."

ताई म्हणाली, "दोन नकाशे कर."

गेल्या आठवड्यात त्याने ते दोन्ही पाठवले. ऑक्टोबराच्या नकाशावर जुन्या गावांची नावं आहेत, झरा निळ्या टिपक्याने दाखवलाय. वनरक्षकांनी त्यावर पेनाने दोन नावं दुरुस्त करून फोटो परत पाठवला, आणि खाली लिहिलंय की आणखी एक झरा राहिलाय, डिसेंबरात या, दाखवतो.